नारळ मिळण्याआधी: नोकरकपातीची चाहूल कशी ओळखावी आणि तयारी कोणत्या क्रमाने करावी

कपातीची कुणकुण लागली की बहुतेक जण आधी रेझ्युमे उघडतात. रेझ्युमे नोकरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशीही लिहिता येतो. पण घरच्यांचा आरोग्य विमा, टर्म विमा, पीएफ खात्यावरचा मोबाईल नंबर, जुनी पगारपत्रकं, पतसंस्थेच्या कर्जाचा जामीन ही कामं पगार चालू आहे तोवरच सहज होतात. पगार थांबला की त्यांना महिने लागतात आणि काही तर होतच नाहीत. म्हणून इथे तयारीचा क्रम एकाच कसोटीवर लावला आहे: नोकरी हातात असतानाच होणारं काम आधी, बाकीचं मागाहून.

लेख खाजगी नोकरीत नव्याने आलेल्यांसाठी आहे. हिंजवडीतला इंजिनिअर, चाकणच्या कारखान्यातला ऑपरेटर आणि ठाण्यातल्या वीस जणांच्या ऑफिसातली अकाउंटंट, नारळ तिघांनाही मिळू शकतो. कायदा मात्र तिघांना एकाच मापाने मोजत नाही.

आधी तीन शब्द

आपण सगळे सरसकट ‘ले-ऑफ’ म्हणतो. भारतीय कायद्यात ले-ऑफ म्हणजे तात्पुरती कामबंदी. कच्चा माल नाही, वीज नाही, यंत्र बंद आहे, म्हणून मालक काही दिवस काम देऊ शकत नाही, पण नोकरी शाबूत असते. पात्र कामगाराला त्या काळात मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते. कायमचं घरी पाठवणं म्हणजे रिट्रेंचमेंट, मराठीत कामगार कपात. तिसरा प्रकार कायद्यात नाही, पण ऑफिसांत सर्वांत जास्त चालतो: ‘तुम्हीच राजीनामा द्या, म्हणजे रेकॉर्ड स्वच्छ राहील.’

या तिसऱ्या प्रकारात हिशोबाची बरीच कलमं बदलतात. कपातीची भरपाई राजीनाम्यावर मिळत नाही. गृहकर्जासोबत घेतलेलं ‘जॉब लॉस’ विमा कव्हर स्वेच्छेने दिलेल्या राजीनाम्याला लागू होत नाही. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर तो एरवी करपात्र ठरतो. पण मालकाचा धंदा आटल्यामुळे किंवा कर्मचाऱ्याच्या हाताबाहेरच्या कारणाने नोकरी गेली असेल, तर आयकर कायद्यात सूट आहे. ती सूट मागताना हातात स्वतःच लिहिलेला राजीनामा असेल तर बोलायला जागा उरत नाही. रेकॉर्ड स्वच्छ राहतं हे खरं, पण कोणाचं, ते आधी विचारून घ्यावं.

चाहूल: काय पाहायचं, काय सोडून द्यायचं

कॅन्टीनचा फुकट चहा बंद झाला, दिवाळीची भेट लहान झाली, व्हॉट्सअॅपवर यादी फिरते आहे, याला फार महत्त्व देऊ नका. नफ्यातल्या कंपन्याही चहा बंद करतात. जिथे पैसा आणि काम यांचा थेट संबंध दिसतो, ती खूण धरायची.

आयटी सेवा कंपन्यांत पहिला प्रश्न एकच: तुमच्या तासांचं बिल ग्राहकाला जातंय का? बिल होत नसेल तर तुम्ही बेंचवर, आणि बेंचची मुदत दिवसेंदिवस आखडते आहे. टीसीएसने जून २०२५ मध्ये वर्षाला किमान २२५ बिलेबल दिवस आणि बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस असं धोरण लागू केलं. पुढच्याच महिन्यात जगभरातल्या मनुष्यबळातून सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, आणि रोख मुख्यतः मधल्या व वरच्या फळीवर होता. तुमच्या कंपनीचा आकडा वेगळा असेल, पण असा आकडा कुठेतरी लिहिलेला असतोच. तो एचआर पोर्टलवर शोधून ठेवा. त्याच्याच शेजारी दुसरी तारीख लिहा: ग्राहकाशी झालेल्या करारात तुमच्या प्रोजेक्टचा सध्याचा टप्पा कधी संपतो. संपायला दोन महिने उरले आणि पुढच्या टप्प्याचं कोणी बोलत नसेल, तर बाकी काही नसलं तरी एवढं पुरेसं आहे.

त्यानंतरच्या खुणा: सोडून गेलेल्याच्या जागी माणूस भरायला मंजुरी मिळत नाही. तुमचं काम ‘नीट लिहून ठेवा’ असं सांगितलं जातं आणि ते शिकायला नवा माणूस शेजारी बसवला जातो. मॅनेजरसोबतच्या ठरलेल्या भेटी सलग रद्द होतात. दोन वर्षं चांगलं रेटिंग असताना अचानक खालचं मिळतं आणि हातात सुधारणा आराखडा, म्हणजे ‘पिप’ येतो. पिप बहुधा ३०, ६० किंवा ९० दिवसांचा असतो. त्यात ‘संवाद सुधारा’ अशी मोजता न येणारी उद्दिष्टं असतील तर निकाल आधीच ठरला आहे असं धरून चाला. तरीही पिप चालू असताना दोन गोष्टी करा: उद्दिष्टं आकड्यांत लिहून मागा, आणि दर शुक्रवारी काय पूर्ण केलं ते मेलने कळवा. नोकरी वाचेलच असं नाही, पण पुढे ‘काम बरोबर नव्हतं’ असा शेरा आला तर तुमच्या बाजूने कागद असतो.

कारखान्यात क्रम जवळजवळ ठरलेला असतो. आधी ओव्हरटाइम बंद. मग ठेकेदाराची माणसं कमी. मग ट्रेनी आणि अप्रेंटिस यांची मुदत संपली की पुढे वाढवत नाहीत. मग तिसरी पाळी बंद. त्यानंतर कायम कामगारांकडे मोर्चा वळतो, बहुतेक वेळा स्वेच्छानिवृत्ती योजनेच्या रूपाने. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात डिस्पॅचकडच्या माणसाला हे सगळ्यांच्या आधी कळतं, कारण मोठ्या कंपनीकडून दर महिन्याला येणारं शेड्यूल त्याच्या हातात असतं. सलग तीन महिने शेड्यूल घटलं तर तो आकडा कुठल्याही भाषणापेक्षा खरा.

लहान कंपनीत पगार सात तारखेचा पंधरावर आणि पंधराचा पंचविसावर जातो, पुरवठादार रिसेप्शनवर येऊन बसतात. पण सर्वांत पक्की खूण पीएफची. पगारपत्रकात पीएफ कापलेला दिसतो, आणि तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. सलग दोन महिने पासबुकात नोंद नसेल, तर कंपनीकडे रोकड नाही असा सरळ अर्थ घ्या.

याहून कमी जणांना माहीत असलेली एक सोय आहे. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) संकेतस्थळावर ‘एस्टॅब्लिशमेंट सर्च’मध्ये कंपनीचं नाव किंवा पीएफ कोड टाका आणि पेमेंटचा तपशील उघडा. कोणत्या महिन्याचा पीएफ किती तारखेला भरला, किती रक्कम आणि किती कर्मचाऱ्यांचा, हे तिथे दिसतं. लॉगिनही लागत नाही. मागचे बारा महिने एका कागदावर उतरवून काढा. माणसांचा आकडा ४१० वरून ३६० आणि पुढे ३३० होत असेल, तर कपात आधीच चालू आहे, फक्त तुमच्या मजल्यावर आलेली नाही. मोठ्या कंपन्यांचे कधीकधी एकाहून जास्त कोड असतात, काहींचा पीएफ स्वतःच्या ट्रस्टकडे असतो. तिथे या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका.

एखादी खूण दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. एका तिमाहीत तीन दिसल्या तर पुढची कामं हाती घ्या.

पगार चालू असतानाच करायची कामं

१. आरोग्य विमा. कंपनीचा ग्रुप विमा बहुतेक ठिकाणी शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो, आणि त्यातच आईवडीलही असतात. वैयक्तिक पॉलिसी आत्ताच घ्या. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षांची प्रतीक्षा असू शकते. वडिलांना मधुमेह असेल तर ही तीन वर्षं ग्रुप विमा चालू असतानाच मोजायला लागलेली बरी. आजार लपवू नका. दावा फेटाळला जाण्याचं ते नेहमीचं कारण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेव्हा जुन्या कोटेशनवर विसंबू नका. वेळ निघूनच गेली असेल तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागता येतं, पण तो अर्ज ग्रुप कव्हर संपण्याआधी करायचा असतो.

२. टर्म विमा. विमा कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते: मागच्या तीन महिन्यांची पगारपत्रकं, फॉर्म १६ (कंपनीने कापलेल्या कराचा दाखला) किंवा आयकर विवरणपत्र. बेरोजगाराला मोठं कव्हर सहसा मिळत नाही.

३. पतसंस्था आणि जामीन. हा मुद्दा आपल्याकडे हमखास राहतो. कामगारांच्या किंवा पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचं कर्ज पगारातून कापलं जातं. नोकरी गेली की कापणारा हात जातो, संस्था उरलेली रक्कम अंतिम हिशोबातून मागते, आणि कमी पडली तर जामीनदाराकडे वळते. तुमचं कर्ज किती बाकी आहे आणि तुम्ही कोणाकोणाला जामीन आहात, दोन्हींचा उतारा आजच काढा. सहकाऱ्याची नोकरीही त्याच कंपनीत असते, म्हणजे दोघांची एकाच दिवशी जाऊ शकते. या काळात नव्या जामिनावर सही करू नका. नाही म्हणणं अवघड जाईल, तरी नाही म्हणा.

४. पीएफ आणि ओळख. यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकाला, स्वतःचा मोबाईल नंबर जोडलेला आहे ना ते पाहा, कंपनीच्या सिमचा नको. आधार, पॅन, बँक खातं पडताळलेलं असावं, नाव आणि जन्मतारीख आधारशी तंतोतंत जुळावी. वारसाची नोंद भरा. जुन्या कंपन्यांचा पीएफ एकत्र करून घ्या. नावातली दुरुस्ती काही वेळा मालकाच्या मंजुरीवर अडते, आणि तुम्ही गेल्यावर ती मंजुरी देण्याची घाई कोणाला नसते. बँक, डीमॅट, लिंक्डइन, नोकरी डॉट कॉम कुठेही ऑफिसचा मेल असेल तर तो बदला.

५. कागद. नेमणूक पत्र, प्रत्येक पगारवाढीचं पत्र, निदान तीन वर्षांची पगारपत्रकं, सगळे फॉर्म १६, बोनस आणि शेअरची पत्रं, रजेची शिल्लक, नोकरी सोडताना लागू होणारं कंपनीचं धोरण. हे सगळं एचआर पोर्टलवरून उतरवून स्वतःकडे ठेवा. इथे लोक घाईत मोठी चूक करतात: कोड, ग्राहकाची यादी, प्रेझेंटेशन स्वतःच्या जीमेलवर पाठवतात. कंपनीची यंत्रणा असे मेल पकडते, आणि मग कपातीऐवजी गैरवर्तनाचा ठपका बसतो. भरपाईही जाते. स्वतःचे कागद घ्या, कामाचे नको.

६. अडकलेले पैसे. प्रवासाची बिलं, इंटरनेटची बिलं, वैद्यकीय दावे लगेच लावा. जॉइनिंग बोनस परत करायची अट आहे का, कार लीज मोडली तर दंड किती, हे पत्रात वाचा. कंपनीचे शेअर ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क, मिळालेले असतील तर नोकरी संपल्यावर ते वापरायची मुदत बहुधा ३० ते ९० दिवस असते. योजनेच्या कागदात नेमकी पाहा.

७. घरभाडं. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारात लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही तो काळ) किती महिन्यांचा आहे ते पाहा. नूतनीकरण तोंडावर असेल तर लॉक-इन एक-दोन महिन्यांवर आणून घ्या. घरमालक एरवी ऐकतात, नोकरी गेल्यावर कमी ऐकतात.

पैशाचं गणित

‘सहा महिन्यांचा पगार बाजूला ठेवा’ हा सल्ला थोडा चुकीचा आहे. महिने पगाराचे नाही, खर्चाचे मोजायचे. वाकडच्या एका चौकोनी कुटुंबाचं उदाहरण घेऊ, हातात पगार १,१०,०००. गृहकर्जाचा हप्ता ३८,०००, सोसायटी ४,०००, किराणा-दूध-भाजी १६,०००, वीज-गॅस-इंटरनेट-मोबाईल ५,०००, शाळा आणि व्हॅन सरासरी ९,०००, आईवडिलांची औषधं ६,०००, पेट्रोल ४,०००, विम्याचे हप्ते सरासरी ५,०००. बेरीज ८७,०००. हॉटेल, सहल, एसआयपी यात धरलेली नाही. ती पहिल्या दिवशी थांबवता येते. सहा महिन्यांना ५,२२,००० लागतात.

हे गणित चुकतं ते वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांवर. जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं आणि गणवेश, घरपट्टी, गाडीचा विमा, दिवाळी. मे महिन्यात नोकरी गेली तर पहिल्याच महिन्यात ८७,००० ऐवजी दीड लाख लागू शकतात. म्हणून बारा महिन्यांचं कॅलेंडर काढा आणि प्रत्येक महिन्याखाली खरा आकडा लिहा.

पैसा ठेवायचा कुठे? एक महिन्याचा बचत खात्यात, बाकीचा एक-एक लाखाच्या वेगवेगळ्या मुदत ठेवींत. पाच लाखांची एकच ठेव केली तर एका लाखासाठी सगळी मोडावी लागते आणि व्याजात दंड बसतो. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक बँकेमागे पाच लाखांपर्यंत डीआयसीजीसीचं (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा संस्थेचं) विमा संरक्षण आहे, सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी अडचणीचा पैसा पतसंस्थेत किंवा भिशीत ठेवू नका.

शिल्लक रक्कम गृहकर्जात भरून टाकण्याचा मोह होतो. कपातीची शक्यता असताना ते टाळा: मुद्दल कमी होतं, पण पुढच्या महिन्याचा हप्ता तेवढाच येतो आणि भरलेला पैसा परत मिळत नाही. ओव्हरड्राफ्ट प्रकारचं गृहकर्ज असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ठेवलेला पैसा पुन्हा काढता येतो. क्रेडिट कार्डाची थकबाकी मात्र आधी फेडा. तिच्याइतकं महाग कर्ज घरात दुसरं नसतं.

खोलीत बोलावतात तो दिवस

बैठक दहा-पंधरा मिनिटांची असते. मॅनेजर, एचआर आणि टेबलावर कागद. त्या दिवसापुरतं काम इतकंच: ऐकायचं, विचारायचं, लिहून घ्यायचं, सही करायची नाही. ‘वाचून उद्या उत्तर देतो’ हे वाक्य पुरेसं आहे. ‘आत्ता सही केली नाही तर पॅकेज मिळणार नाही’ असं म्हणाले, तर ‘हे मेलवर कळवाल का?’ असं शांतपणे विचारा. असा मेल लिहायला सहसा कोणी तयार होत नाही.

विचारायचे प्रश्न वहीत आधीच लिहून ठेवा. ही कपात आहे की राजीनामा? शेवटचा दिवस कोणता? नोटीसचा पगार मिळणार की नोटीस काढायची? भरपाई कोणत्या सूत्राने: मूळ पगारावर की एकूण पगारावर, वर्षाला किती? रजेचे पैसे किती दिवसांचे? यंदाचा व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवरचा बदलता पगार? ग्रुप विमा कोणत्या तारखेपर्यंत? रिलीव्हिंग आणि अनुभवाचं पत्र कधी, आणि त्यात कारण काय लिहिणार? पडताळणीचा फोन आला तर काय सांगणार?

संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या मेलवरून एचआरला छोटा मेल पाठवा: आज अमुक वाजता बैठक झाली, मला पद कमी केल्याचं सांगण्यात आलं, मी राजीनाम्याची विनंती केलेली नाही, पुढील मुद्द्यांवर लेखी उत्तर मिळावं. चार ओळी, रागाचा एकही शब्द नको. पुढे वाद गेलाच तर सगळ्यात आधी हाच मेल पाहिला जातो.

वाटाघाटीत रक्कम फारशी हलत नाही, कारण सूत्र सगळ्यांना एकच असतं. बाकीच्या गोष्टी हलतात: शेवटचा दिवस महिनाभर पुढे, विमा तीन महिने जास्त, जॉइनिंग बोनसची वसुली माफ, लॅपटॉप स्वतःकडे, पत्रातलं कारण. पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच दिवस कमी असतील तर तारीख पुढे मागाच, त्यावर ग्रॅच्युइटी, म्हणजे सेवेच्या वर्षांबद्दल नोकरी सुटताना मिळणारी रक्कम, अवलंबून आहे. ‘दोन वर्षं प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार नाही’ या अटीने दबून जाऊ नका. नोकरी संपल्यानंतरचं असं बंधन करार कायद्याच्या कलम २७ नुसार निरर्थक ठरतं. गोपनीयतेची अट मात्र पाळावी लागते.

गरोदर किंवा प्रसूती रजेवर असलेल्या बाईला त्या रजेच्या कारणाने काढणं बेकायदा आहे. यादीत असं नाव ‘चुकून’ येतं, आणि लेखी हरकत घेतली की निघतंही.

हिशोबात काय काय यायला हवं

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत तुम्ही ‘कामगार’ ठरता का, हा पहिला प्रश्न. व्यवस्थापकीय काम करणारे आणि दरमहा १८,००० पेक्षा जास्त पगाराचे पर्यवेक्षक त्यात येत नाहीत. पदाच्या नावावर जाऊ नका. प्रत्यक्ष काम काय, ते पाहिलं जातं. नावात ‘लीड’ आहे पण दिवसभर स्वतःच कोड लिहिता, तर दावा करता येतो. रजा मंजूर करता आणि रेटिंग देता, तर अवघड आहे.

कामगार असाल आणि वर्षभर सलग सेवा झाली असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई. शिवाय नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे: आणखी १५ दिवसांचं वेतन, कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात. ३०० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी लागते. पूर्वी ही मर्यादा १०० होती. आयटीच्या ऑफिसांना परवानगीची ही अट नाही. एकाच प्रकारच्या कामातून माणसं काढताना शेवटी आलेला आधी, हा नियम आहे. तो मोडायचा तर मालकाने कारण नोंदवायचं असतं.

ग्रॅच्युइटीचं सूत्र: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ पगार ४०,००० आणि सेवा सात वर्षं, तर १,६१,५३८ रुपये. कायम नोकरीत पाच वर्षांची अट आहे, ठरावीक मुदतीच्या नेमणुकीत नव्या संहितेनुसार एक वर्ष पुरतं. कंपनीचा आकडा तपासताना ‘वेतन’ म्हणून किती धरलं ते पाहा. नव्या व्याख्येत भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरायचा आहे. मूळ पगार मुद्दाम लहान ठेवणाऱ्या कंपन्यांत यामुळे बराच फरक पडतो. रक्कम ३० दिवसांत मिळायला हवी.

वेतन संहितेनुसार नोकरी संपल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकतं करायचं आहे. ‘आमची पद्धत ४५ दिवसांची आहे’ हे उत्तर अजूनही ऐकू येईल. तेव्हा संहितेचा उल्लेख करून मेल टाका.

करात ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत आणि नोकरी सुटताना मिळालेले रजेचे पैसे २५ लाखांपर्यंत सूत्रानुसार करमुक्त. कामगाराची कपात-भरपाई कमाल ५ लाखांपर्यंत करमुक्त. नोटीसचा पगार आणि कंपनीने वरून दिलेली रक्कम मात्र पगारासारखीच करपात्र, तेव्हा पॅकेजचा आकडा ऐकताना कर वजा करूनच ऐका.

हिशोब पटला नाही तर पुण्यात वाकडेवाडीला आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात कामगार आयुक्तालयाची कार्यालयं आहेत. लेखी अर्ज, नेमणूक पत्र, शेवटची तीन पगारपत्रकं आणि तो संध्याकाळचा मेल घेऊन जा. ‘कामगार’ व्याख्येत न बसणाऱ्यांना करारभंगाचा दावा दिवाणी न्यायालयात करावा लागतो. त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, म्हणून अशांनी खोलीतल्या वाटाघाटीलाच जास्त महत्त्व द्यावं.

पगार २१,००० पर्यंत असून ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापली जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना पाहा. अटी पूर्ण होत असल्यास सरासरी रोजच्या वेतनाच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा मिळते. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून दावा करण्याआधी ती चालू आहे ना ते शाखेत विचारा.

पहिला महिना

गृहकर्जाचा हप्ता चुकण्याआधी बँकेत जा, चुकल्यावर नाही. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीतकडे झुकलेलं कर्ज, ठरतं आणि बँकेचा सूर बदलतो. त्याआधी मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचं बोलणं होऊ शकतं. पगार खात्यात काही महिने पगार आला नाही की बँक ते साध्या बचत खात्यात बदलते आणि किमान शिल्लक लागू होते. तिथून जाणारे हप्ते लक्षात ठेवा.

शोधात तुमची जमेची बाजू एकच, पण मोठी: ९० दिवसांच्या नोटीसच्या बाजारात तुम्ही लगेच रुजू होऊ शकता. ते नोकरी डॉट कॉमच्या प्रोफाइलवर पहिल्या ओळीत लिहा. ‘का सोडली?’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर द्या: प्रोजेक्ट बंद झाला, इतक्या जणांची पदं कमी झाली, त्यात माझं होतं. जुन्या सहकाऱ्यांना ‘काही असेल तर सांग’ असा मोघम निरोप पाठवू नका. कंपनीच्या पानावरची नेमकी जागा शोधून तिचा क्रमांक पाठवा आणि रेफरल मागा. ‘लॅपटॉपसाठी डिपॉझिट’ किंवा ‘प्रशिक्षण शुल्क’ मागणारं ऑफर लेटर फसवणुकीचं असतं. नुकत्याच नोकरी गेलेल्यांनाच हे लोक हेरतात.

पीएफला लगेच हात लावू नका. नोकरी सुटल्यावरही खात्यावर व्याज मिळत राहतं, फक्त त्यानंतरचं व्याज करपात्र धरलं जातं. काढायची वेळ आलीच तर त्या दिवशीचे नियम वाचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने २५ टक्के शिल्लक खात्यात राखण्याचा, आणि बेरोजगारीत पूर्ण रक्कम काढण्याचा कालावधी दोन महिन्यांवरून बारा महिने करण्याचा निर्णय घेतला. जुन्या लेखांत दोनच महिने लिहिलेले सापडतील. सेवा दहा वर्षांहून कमी असेल तर पेन्शनचे पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्या, म्हणजे पुढच्या नोकरीतली वर्षं त्यात मिळवता येतात.

एक छोटी गोष्ट महिनाभराने नक्की पाहा: पीएफ पोर्टलवर ‘डेट ऑफ एक्झिट’ भरली गेली आहे का. कंपनीने भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतःला भरता येते. ही तारीख आणि रिलीव्हिंग लेटरवरची तारीख यांत फरक राहिला, तर नव्या नोकरीच्या पडताळणीत दोन ठिकाणी एकाच वेळी काम केल्यासारखं दिसतं आणि ऑफर अडकते. पत्र हातात आलं की त्याच दिवशी दोन्ही तारखा शेजारी ठेवून पाहा, आणि फरक असेल तर एचआरला दुरुस्तीचा मेल टाका.